धाकटीचा गृहप्रवेश

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता वाळूजमधल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात लग्न लागलं. नवरी राखाडी रंगाची, कमरेइतक्या उंचीची होती. ती हातगाडीवर उभी होती आणि तिच्या चालू-बंदच्या बटणावर झेंडूच्या मुंडावळ्या लोंबत होत्या. मुंडावळ्या रामकिसनने घरून ओवून आणल्या होत्या. अकाउंट्समधले एक गृहस्थ मंगलाष्टकांच्या चालीवर कंपनीतल्या खात्यांची नावं म्हणत होते. खाली शॉप फ्लोअरवरची यंत्रपूजा आटोपून आलेली माणसं दर कडव्याला अक्षता टाकत होती.

साल १९९९. कारखाना गाड्यांच्या सायलेन्सरचा. खरं काम एवढंच होतं, की गेले काही महिने बाजूच्या खोलीत चालवून पाहिलेला नवा सर्व्हर आज मधल्या थंड खोलीत न्यायचा. त्या खोलीत जुनं मशीन होतं. नवीन वर्ष उजाडलं की ते कायमचं बंद होणार होतं, कारण त्याला साल दोनच आकड्यांत समजायचं आणि दोन शून्यांचं ते काय करील याचा भरवसा कुणी देत नव्हतं.

"गृहप्रवेश राह्यला," रामकिसन म्हणाला. त्याने कँटीनचा पेला तांदळाने भरून थंड खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला. "गाडीच्या चाकानं माप लवंडायचं. पन आधी ओवाळाया पाह्यजे. कोन ओवाळतंय?"

खात्याचे प्रमुख अनंतराव खंडाळकर यांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत बाई एकच होती.

"द्वारकाताई, घ्या ताट," ते म्हणाले. "धाकटीला थोरलीनेच आत घ्यायचं असतं."

सगळे हसले. खंडाळकर साहेब एरवी विनोद करणाऱ्यांतले नव्हते, म्हणून जरा जास्तच हसले. द्वारका म्हस्केने ताट घेतलं. ताटात निरांजन तेवत होतं, हळदीकुंकू होतं, सुपारी होती. सगळं जिथल्या तिथे होतं. रामकिसनच्या बायकोने लावून दिलं असणार.

थोरली आणि धाकटी ही नावं जूनमध्ये पडली होती. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने ट्रेनिंग हॉलमध्ये नव्या सिस्टीमची ओळख करून दिली तेव्हा. पोरगा हुशार होता, बोलायला गोड होता. अर्धा तास तो मेमरी आणि डेटाबेस यांवर बोलला आणि समोरच्या सुपरवायझर लोकांना जांभया यायला लागल्या, तेव्हा त्याने फळ्यावरचं सगळं पुसलं आणि मधोमध उभी रेघ मारली.

"सोपं करून सांगतो," तो म्हणाला. "तुमची जुनी सिस्टीम म्हणजे पहिली बायको. सांगाल तेवढंच करणार, उलटून बोलणार नाही, कमी खाणार. पण चारचौघांत घेऊन जायची सोय नाही. नवी दिसायला देखणी, एका वेळी चार कामं करते. खर्चिक आहे. रुसली तर का रुसली ते सांगणार नाही, बंद करून परत चालू करायची, मग जसं काही झालंच नाही."

हॉल जागा झाला. मागच्या रांगेतून कुणी तरी विचारलं, "आणि माहेरी किती दिवस जाते?" इंजिनिअर म्हणाला, "मेंटेनन्सला महिन्यातून एक दिवस." त्यावर टाळ्या पडल्या.

"आमच्याकडं याला थोरली-धाकटी म्हन्त्यात साहेब," रामकिसन उठून म्हणाला. तो मूळचा खुलताबादचा, स्टोअरमधून कॉम्प्युटरवर आला होता. "आन् दोघी एका घरात नांदवायच्या म्हन्ल्यावर मालकाला बाह्यरच झोपाव लागतं."

खंडाळकर साहेबही हसले. द्वारका दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होती. तीही हसली. सगळे हसत असताना एकटी बाई हसली नाही, की सगळे वळून तिच्याकडे बघतात, हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

नावं टिकली. बॅकअपच्या टेपवर 'थो' आणि 'धा' अशा चिठ्ठ्या लागल्या. गाड्या भरून निघाल्या की डिस्पॅचवाले फोनवर विचारायचे, "थोरलीत टाकलं का?" दिवाळीपर्यंत दोन्ही सिस्टीम बरोबरीने चालवायच्या होत्या. बाहेर गेलेल्या मालाचं प्रत्येक चलन दोन्हींत भरायचं आणि संध्याकाळी दोन्हींच्या बेरजा ताडून बघायच्या. हे काम द्वारकाकडे होतं. बेरजा जुळल्या नाहीत तर रामकिसन खोलीच्या दारातून ओरडायचा, "झालं का सवतींचं चालू?" द्वारका चलनांचा गठ्ठा पुन्हा काढायची. फरक निघायचा तो कुणाच्या तरी बोटांचा. घाईत एक चलन एकीकडेच भरलेलं असायचं. दोन्ही मशीनं आपापल्या खोलीत गुमान चालत असायची. त्यांचं आपसात काहीच नव्हतं.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या ट्रेनिंगची यादी लागली. तीन नावं होती, तिसरं रामकिसनचं. द्वारका त्याच्या आधीपासून त्या खात्यात होती. ती खंडाळकर साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, यादीत माझं नाव नाही."

"बसा ना ताई." साहेबांनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही थोरलीकडच्या. ती जाईपर्यंत तिच्याजवळ कुणी तरी पाहिजे की नको? तिचा स्वभाव तुमच्याइतका कुणाला माहीत आहे?"

"आणि ती गेल्यावर?"

"गेल्यावर बघू. तुम्हाला काय आम्ही वाऱ्यावर सोडतोय? गेटवर टेलिफोन बोर्डाला जागा होतेय. बसून काम, कटकट नाही."

"मला नव्या सिस्टीमवर काम करायचंय."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. द्वारकाला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी घरून डबा पाठवला होता. "हे बघा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आठ दिवस पुण्यात राहायचं, लॉजवर. बरोबर सगळे पुरुष. तुमचे मिस्टर तिकडे फुलंब्रीला शेती बघतात. त्यांना न विचारता मी नाव घातलं आणि उद्या ते इथे येऊन उभे राहिले, तर? तुम्ही आधी घरी विचारा. त्यांची हरकत नसेल तर बघू."

द्वारका केबिनमधून बाहेर आली.

तिच्या मिस्टरांचं नाव बद्रीनाथ. फुलंब्रीला त्यांची शेती होती हे खरं होतं. दर शनिवारी संध्याकाळी गावी जाते असं ती सगळ्यांना सांगायची, ते मात्र खरं नव्हतं. शनिवारी ती क्रांती चौकात कंपनीच्या बसमधून उतरायची, भाजी घ्यायची आणि सिडकोतल्या आपल्या खोलीवर जायची. दहा वर्षांत ती गावाकडे फिरकली नव्हती. पण नवरा गावी शेती बघतो, या एका वाक्यावर तिला खोली मिळाली होती. अकाउंट्सच्या बायका हळदीकुंकवाला बोलावत होत्या आणि गेटवरचा सांडूसुद्धा "ताई" म्हणताना मान खाली घालत होता. टाकलेल्या बाईला हे शहर काय म्हणतं ते तिने होस्टेलवर राहत असताना ऐकलं होतं. म्हणून तिने नवरा जपून ठेवला होता. आता तोच नवरा तिला पुण्याला जाऊ देत नव्हता.

गणपतीच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी, सारजा तिच्या दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात शेंगांची पिशवी. बद्रीनाथची दुसरी बायको. तिने पत्ता द्वारकाच्या भावाकडून मिळवला होता.

द्वारकाने तिला आत घेतलं आणि पाणी दिलं. सारजा भिंतीला टेकून खालीच बसली. खोलीत लोखंडी कॉट होती, तिच्यावर ती बसेना.

"वाळली गं तू," द्वारका म्हणाली. इथे तिची भाषा आपोआप गावची झाली.

"तुमी मातर तशाच दिसता, आक्का."

"पोरी कुठंयत?"

"ठिवल्या माह्या मायीकडं. तिघी बी." सारजा शेंगा सोलायला लागली. तिला हात रिकामे ठेवता येत नव्हते. "सासूबाई म्हन्त्यात, तीन झाल्या, आता आनखी किती वाट पाहायची. सिल्लोडकडली पोरगी पाह्यलीय. दिवाळी झाली की."

"आन् ते?"

"ते काय म्हन्तेन? ते म्हन्ले, तू कुठं जानार हायेस, ऱ्हा की हितंच. द्वारकी ऱ्हायली नाय ही तिची चूक, म्हन्ले." तिने दोन दाणे द्वारकाच्या तळहातावर ठेवले. "आता मी थोरली, आक्का. मंग म्हन्लं, तुमास्नीच इचारावं, थोरलीला कसं वागाव लागतं."

दोघीही हसल्या. मग हसू थांबलं.

अकरा वर्षांपूर्वी, फुलंब्रीच्या त्या घराच्या दारात, द्वारकाने सारजाला ओवाळलं होतं. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. सासू मनकर्णाबाईंनी ताट लावून आणलं आणि तिच्या हातात दिलं. "थोरलीच्या हातानं झालं, म्हंजी घरात भांडन ऱ्हात नाय," त्या म्हणाल्या होत्या. कोर्टकचेरीत कुणी विचारलं तर थोरली राजी होती, हेही त्याने ठरून जात होतं. पण ते तेव्हा द्वारकाला कळलं नाही. तिने कुंकू लावलं तेव्हा समोरच्या पोरीचं कपाळ तापाने फणफणलं होतं. माप ओलांडताना पोरीचा पाय अडखळला, तेव्हा तिने द्वारकाचाच दंड धरला. पहिले काही दिवस सारजा स्वयंपाकघरात द्वारकाच्या अंगाला अंग लावून झोपायची आणि तिकडून हाक आली की तिचा पदर मुठीत घट्ट धरायची. विहिरीची कोणती पायरी निसरडी, सासूपुढे कोणत्या वेळी बोलायचं नाही, हे सगळं तिला द्वारकाने सांगितलं. दोघींमध्ये सवतपणा असा कधी आलाच नाही. गावाला तो दिसायचा, कारण गावाला तो बघायचा होता. वर्षभराने द्वारका बारावीचं सर्टिफिकेट घेऊन निघाली तेव्हा फाट्यापर्यंत पोचवायला सारजाच आली होती.

"तुमच्या कंपनीत माह्यासारखीला काय काम मिळंल का?" सारजाने जाताना विचारलं. "झाडू-फरशी काय बी चालंल. पोरींला हितं शाळंत घालीन."

"ये तू," द्वारका म्हणाली. "पोरी घेऊन ये. खोली हाये. बाकीचं मी पाहते."

बाकीचं पाहायचं म्हणजे तिची नोकरी पक्की राहायला हवी होती. टेलिफोन बोर्ड वर्षभरात यंत्रावर जाणार, अशी कंपनीत उघड चर्चा होती. गेटवर गेलेली माणसं पुढच्या वर्षी गेटबाहेर असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. राहायचं तर नव्या सिस्टीमवर यायला हवं होतं. त्यासाठी पुण्याला जायला हवं होतं. आणि त्यासाठी नवऱ्याची हरकत नाही असं कुणी तरी सांगायला हवं होतं.

खंडेनवमीच्या त्या सकाळी ताट हातात घेऊन उभी असताना हे सगळं द्वारकाच्या मनात आलं असं नाही. तिला फक्त निरांजनाची धग हनुवटीला जाणवली. ती तशीच होती, फुलंब्रीच्या दारातल्यासारखी.

"ओवाळा की ताई," रामकिसन म्हणाला. "नवरी ताटकळली. थोरलीच्या मनात काय वाकडं हाये काय?"

द्वारकाने ताट प्रिंटरच्या टेबलावर ठेवलं. हळूच ठेवलं, निरांजन विझलं नाही.

"मी एकदा ओवाळलंय, साहेब," ती खंडाळकरांकडे बघून म्हणाली. आवाज रोजच्यासारखाच होता, बेरजा जुळल्या हे सांगतानाचा. "माझ्या नवऱ्याने दुसरी केली तेव्हा. ताट असंच होतं. आता परत नाही ओवाळणार."

तिने ताट टेबलाच्या कडेपासून आत सरकवलं.

"दहा वर्षं झाली, मी एकटी राहते. त्यामुळे पुण्याला जायला मला कुणाला विचारावं लागत नाही. तेवढं यादीत धरा."

अकाउंट्सचे गृहस्थ उरलेल्या अक्षता कुठे टाकाव्यात म्हणून इकडेतिकडे बघत होते. शेवटी त्यांनी त्या खिशात घातल्या. रामकिसन खाली वाकला आणि उंबऱ्यावरचा पेला उचलून बाजूला केला. मग दोघांनी हातगाडी ढकलत आत नेली. मुंडावळ्यांतलं एक फूल चाकाखाली आलं. नवा सर्व्हर ओवाळल्याशिवायच सुरू झाला आणि व्यवस्थित सुरू झाला.

दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते खरोखर ओशाळले होते.

"मला कल्पना नव्हती हो, ताई. तुम्ही आधी सांगायचं होतं. पहिल्याच यादीत नाव घातलं असतं."

"काय सांगायचं होतं, साहेब?"

साहेबांनी समोरची फाइल बंद केली. "पुढच्या बॅचला तुमचं नाव नक्की," ते म्हणाले.

त्यानंतर खात्यात थोरली-धाकटी बंद झालं. निदान द्वारका खोलीत असताना बंद झालं. टेपवरच्या चिठ्ठ्या कुणी तरी काढून टाकल्या. रामकिसनने तिच्यासमोर थट्टा करणंच सोडलं. एकदा संध्याकाळी बेरजा जुळल्या नाहीत, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला, काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसताच म्हणाला, "चलनं आनून देऊ का, ताई?" तिने नको म्हटलं. तिला त्याची जुनी ओरड बरी होती असं वाटलं नाही. पण ही शांतताही सोसवत नव्हती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अकाउंट्सच्या बायका हळदीकुंकवाचं सांगत टेबलांमधून फिरल्या आणि तिच्या टेबलापाशी आल्यावर आपसात बोलत पुढे गेल्या. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. कुणी वाईट बोललं नाही. घरमालकांनी फक्त एवढंच विचारलं, की येणारे-जाणारे कोण असतात.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी जुनं मशीन बंद केलं. ते कसं बंद करायचं ते द्वारकालाच माहीत होतं, म्हणून तिला बोलावलं. तिने एकेक टर्मिनल बंद केलं, शेवटी मोठं बटण खाली ओढलं, पंखा थांबेपर्यंत उभी राहिली आणि हात पुसून गेटवर परत गेली. टेलिफोन बोर्डावर तिची बदली डिसेंबरच्या मध्यालाच झाली होती. तात्पुरती, असं कागदावर लिहिलं होतं.

जानेवारीत एका सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो गेटवर थांबला. मागे जुनं मशीन आडवं टाकून सुतळीने बांधलं होतं. रामकिसन टेम्पोवाल्याशेजारी बसला होता. त्याने खिडकीतून द्वारकाकडे पाहिलं आणि मान वळवली. बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद करायला सांडू टेम्पोभोवती फिरला. मग पेन घेऊन टेलिफोनच्या खिडकीशी आला.

"ताई, हे काय म्हनून लिहू? हे लोक काय तरी बाईचं नाव घेत व्हते याला."

"कॉम्प्युटर लिही," द्वारका म्हणाली. "जुना, एक."

सांडूने लिहिलं. टेम्पो नगर रोडला लागला.

सिडकोतल्या खोलीत आता दुसरी गादी आहे, भिंतीला उभी गुंडाळून ठेवलेली. सिल्लोडकडच्या मुलीशी बद्रीनाथचं लग्न माघात झालं असं द्वारकाच्या भावाने फोनवर सांगितलं. ओवाळलं कुणी, ते त्याला माहीत नव्हतं. सारजाचा निरोप नाही. शहरातून येणारी बस कंपनीच्या गेटसमोर थांबते आणि टेलिफोनच्या खिडकीतून बसमधून उतरणारी माणसं दिसतात. बस थांबली की द्वारका हातातला फोन संपवून बाहेर बघते.

पुण्याच्या पुढच्या बॅचची यादी अजून लागलेली नाही.